वृद्धनिवासात प्रवेश: आधी गरज मोजायची की आधी पैसे?

उंबरठा
नमस्कार मंडळी. वृद्धनिवासांवर इथे आधी बरंच बोलून झालंय, पण ते बहुतेक ठेवावं की ठेवू नये यावर. हा धागा त्यापुढचा आहे. निर्णय झालेला आहे, आजींचाही होकार आहे, आता पुढे काय, एवढंच.

बोलायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण घेऊ. आजी ८१ वर्षांच्या. केंद्र सरकारी कुटुंब निवृत्तिवेतन दरमहा २४ हजार, मुदत ठेवी २२ लाख, स्वतःच्या नावावर वन बीएचके. खुब्याचं ऑपरेशन झालेलं, वॉकर घेऊन चालतात. मधुमेह आहे, अलीकडे विसरणं वाढलंय. मुलगी त्याच शहरात, मुलगा परदेशात.

माझं मत असं, की आपल्याकडे पहिला फोन "महिन्याचे किती घेता?" असा जातो आणि तिथेच घोळ होतो. संस्था सांगते तो दर हिंडत्या-फिरत्या माणसाचा असतो. प्रवेशानंतर दोन महिन्यांत "यांना जास्त मदत लागते" म्हणून वरची पायरी, म्हणजे जास्त मदतीचा महाग दर, लागते आणि सगळं गणित कोसळतं. म्हणून आधी गरज कागदावर मोजावी, मग दर विचारावा. हे मोजायचं कसं आणि पैशांची मांडणी कशी करायची, ते जाणकारांनी सांगावं.

मिरजेची_परिचारिका
मताशी सहमत. मोजायची साधनं तयार आहेत, नवीन शोधावी लागत नाहीत.

सगळ्यात चालणारं म्हणजे बार्थेल निर्देशांक. दहा गोष्टी: खाणं, अंघोळ, दात-केस-दाढी, कपडे घालणं, शौचावर ताबा, लघवीवर ताबा, संडासचा वापर, पलंगावरून खुर्चीत जाणं, सपाटीवर चालणं, जिना. पाच-पाचच्या टप्प्याने गुण, एकूण १००. अंघोळ आणि नीटनेटकेपणाला जास्तीत जास्त ५, पलंग ते खुर्ची आणि चालणं यांना १५, बाकीच्यांना १०.

गुण देताना दोन चुका होतात. एक, "करू शकते का" असं विचारलं जातं. विचारायचं असतं "रोज करते का". आजी मनात आणलं तर ब्लाउजची बटणं लावतील, पण रोज मुलगी लावून देत असेल तर मदत लागते असंच लिहायचं. दुसरी चूक म्हणजे पाहुण्यांसमोर मोजणं. संस्थेचा माणूस आला की आजी ताठ बसतात, सगळं "माझं मी करते" म्हणतात. म्हणून आधी सलग तीन दिवस-रात्र नोंद ठेवा. एका वहीत वेळ, काय केलं, कुणी आणि किती हात लावला, एवढे तीनच रकाने.

रात्रीची नोंद सोडू नका. दिवसा कर्मचारी असतातच, खर्च वाढतो तो रात्रीमुळे. लघवीला किती वेळा उठतात, एकट्या उठतात का, उठल्यावर तोल जातो का, हे तीन प्रश्न संस्था विचारणारच. पडण्याचा धोका घरीच बघता येतो. हात असलेल्या खुर्चीतून उठून नेहमीच्या चपला आणि वॉकरसह तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर धोका आहे असं धरा. शेजारी एक माणूस उभा हवाच.

आणि कृपा करून हॉस्पिटलमधून घरी आल्या आल्या मोजू नका. मूत्रमार्गाचा संसर्ग, सोडियम कमी होणं, आठवडाभर पोट साफ नसणं, झोपेच्या गोळ्या, यातल्या कशानेही म्हातारं माणूस दोन दिवसांत पार गोंधळतं. तो गोंधळ बरा होणारा असतो. त्यालाच स्मृतिभ्रंश समजून लोक सर्वात महाग विभागात नाव घालतात. सोडियम, साखर, क्रिएटिनिन, थायरॉइड, बी-१२ आणि लघवीची तपासणी आधी, मूल्यमापन नंतर. कानात मळ आहे का तेही बघा. ऐकू येत नसलेल्या माणसाचे स्मरणचाचणीचे गुण हमखास घसरतात.

पिंपळपान
ताई, फार उपयोगी प्रतिसाद. बार्थेलबद्दल मात्र थोडा मतभेद आहे. विसरणाऱ्या माणसाला बार्थेलमध्ये ९० पडू शकतात. चालतो, जेवतो, कपडे घालतो, पण गॅस चालू ठेवून जातो, पहाटे दार उघडून रस्त्याला लागतो. त्याला चोवीस तास नजर लागते आणि ती या दहा प्रश्नांत कुठेच येत नाही.

मिरजेची_परिचारिका
पिंपळपान, अगदी बरोबर, ते राहिलं. विसरणं असेल तर बार्थेलच्या जोडीला वेगळं पान करा: औषधं स्वतः घेता येतात का, पैसे मोजता येतात का, बाहेर गेल्यावर घर सापडतं का, संध्याकाळी अस्वस्थपणा वाढतो का, अंघोळीला विरोध होतो का, हात उगारला जातो का. शेवटचे दोन लाजेखातर लपवले जातात. प्रवेशानंतर आठवड्यात ते कळतंच, आणि मग संस्था "घेऊन जा" म्हणते. आधी सांगितलं असतं तर त्याच संस्थेने योग्य विभाग दिला असता किंवा तयारी नसल्याचं तरी सांगितलं असतं.

स्मरणचाचणी मराठीत आणि शिक्षण लक्षात घेऊन करणारा डॉक्टर शोधा. चौथी शिकलेल्या आजींना शंभरातून सात-सात वजा करायला लावून निदान होत नाही.

घाटावरचा
वाचतोय. वहीची कल्पना आवडली.

हिशेबनीस
पैशांच्या बाजूचं मी मांडतो. उंबरठांचेच आकडे घेतो, दर समजुतीसाठी आहेत.

जमा: निवृत्तिवेतन २४,०००. ठेवींपैकी १५ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत, सध्याच्या ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ३०,७५०, म्हणजे महिना १०,२५०. या योजनेची मर्यादा ३० लाख आहे, पण सगळे पैसे तिथे घालू नका, का ते खाली सांगतो. घर भाड्याने दिलं, भाडं १२,००० आणि सोसायटीचे जाऊन हातात १०,०००. एकूण ४४,२५०.

खर्च: संस्थेचं शुल्क ३२,००० धरू. डायपर दिवसाला तीन म्हणजे महिन्याला ९०, प्रत्येकी ३५ धरले तर ३,१५०. औषधं ४,०००. फिजिओथेरपी, केस कापणं, वरखर्च २,०००. एकूण ४१,१५०. महिन्याला ३,१०० शिल्लक, म्हणजे सगळं छान दिसतं.

आता शुल्क दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढवा. तिसऱ्या वर्षी ते ३७,३२५ होतं आणि बाकी खर्च तेवढाच धरला तरी महिन्याला सव्वादोन हजारांची तूट पडते. त्यात आजी एक पायरी वर सरकल्या आणि दहा हजार वाढले तर तूट सव्वाबारा हजारांची. उरलेल्या ७ लाखांतून ३ लाख अनामत दिली असेल तर ४ लाख उरतात, ते जेमतेम पावणेतीन वर्षं पुरतील.

म्हणून माझं सांगणं: आज परवडतं का हे बघू नका, पुढची पायरी परवडते का ते बघा. संस्थेकडून सगळ्या पायऱ्यांचं दरपत्रक लेखी घ्या, अगदी अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या दरापर्यंत.

आणखी एक. केंद्र सरकारी कुटुंब निवृत्तिवेतनात ८० व्या वर्षी मूळ रकमेवर २० टक्के वाढ मिळते, ८५ ला ३०, ९० ला ४०. आजी ८१ च्या आहेत, म्हणजे ती लागू झालेली असायला हवी. पीपीओवर (निवृत्तिवेतन देण्याच्या आदेशावर) आजींची जन्मतारीख नसेल तर बँकेला वय कळत नाही आणि वाढ मिळायची राहून जाते. आधी पीपीओ काढून बघा.

उंबरठा
हिशेबनीस, हे फारच नेमकं झालं. रिव्हर्स मॉर्गेजचं काय? घर गहाण ठेवून बँकेकडून दरमहा पैसे घ्यायचे, हा मार्ग कुणीच का सांगत नाही?

हिशेबनीस
कारण या कामाला तो चालत नाही. ते कर्ज राहत्या घरावर मिळतं. कर्जदार ते घर कायमचं सोडून वृद्धनिवासात गेला की कर्ज परतफेडीला येतं. सलग वर्षभर घरात न राहणं हे घर सोडल्याचं लक्षण धरलं जातं. घरीच राहून परिचारक ठेवायचा असेल तर विचार करा. नवरा-बायको दोघे कर्जदार असतील आणि एकजण घरी राहणार असेल तरीही ठीक. एकट्या आजींना नाही.

भाड्याने देताना लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी करा, आणि आजी घरी आहेत तोवरच. ऑनलाइन नोंदणीला मालकाच्या अंगठ्याचा ठसा लागतो आणि या वयात रेषा झिजलेल्या असतात. चार बोटं आलटून पालटून बघावी लागतात. सोसायटी बिनवहिवाट शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचं) लावेल. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त लावता येत नाही.

नागझिरा
मेडिक्लेममधून काही निघतं का? आणि ७० वर्षांवरच्यांचं ते आयुष्मान कार्ड?

हिशेबनीस
दोन्ही रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहेत. आयुष्मान वय वंदना कार्ड जरूर काढा, ७० पूर्ण झालेल्या कुणालाही उत्पन्नाची अट नाही आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. पण वृद्धनिवासाचं शुल्क, आया, डायपर यातलं काही त्यातून मिळत नाही.

करात थोडं वाचतं, तेही जुन्या पद्धतीने विवरण भरलं तर. विमा नसलेल्या ज्येष्ठांच्या वैद्यकीय खर्चाला ८०डी खाली ५० हजार, रोखीने दिलेलं धरत नाहीत. स्मृतिभ्रंश किंवा पार्किन्सन असेल आणि अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असल्याचं न्यूरॉलॉजिस्टने लिहून दिलं तर ८०डीडीबी खाली १ लाखापर्यंत. त्यासाठी संस्थेकडून राहणं-जेवण आणि वैद्यकीय सेवा यांची वेगवेगळी पावती मागा. एकत्र पावतीवर वजावट मागणं कठीण जातं. आयकर नोंदणी असलेल्या धर्मादाय संस्थेचं ६० वर्षांवरच्या माणसाचं राहणं-जेवण-देखभालीचं शुल्क महिन्याला २५ हजारांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही, हेही बिल बघताना लक्षात ठेवा.

साळुंकी
कायद्याच्या बाजूने लिहिते, कारण वरच्या सगळ्या गणितात एक गृहीत आहे: आजी सही करू शकतात. विसरणं वाढतंय असं उंबरठांनीच लिहिलंय. त्यामुळे क्रम बदला. संस्था बघण्याआधी सह्यांची कामं उरका.

मुखत्यारपत्र करून ठेवलं की झालं, असा सर्रास समज आहे. करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की ते संपतं. म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच तो कागद निरुपयोगी. त्यानंतर घर विकायचं किंवा मोठी ठेव मोडायची तर उच्च न्यायालयात रिट याचिका करून पालक नेमून घ्यावा लागतो. मुंबई उच्च न्यायालयाने अशा याचिका मंजूर केलेल्या आहेत, पण वैद्यकीय मंडळाचा अहवाल, सगळ्या वारसांची संमती, मालमत्तेची यादी, एवढं सगळं लागतं. राष्ट्रीय न्यास कायद्यातलं पालकत्व स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. स्मृतिभ्रंशाला ते लागू नाही, त्यासाठी चकरा मारू नका.

म्हणून आज करायचं ते: बचत खातं आणि मुदत ठेवी मुलीसोबत संयुक्त, "दोघांपैकी कुणीही किंवा हयात असेल तो" या पद्धतीने. ठेवींना तोच आदेश मुदतीआधी मोडण्यासाठीही लेखी द्या, नाहीतर बँक दोघांची सही मागते. ज्येष्ठ बचत योजनेत संयुक्त नाव फक्त जोडीदाराचं चालतं, मुलीचं नाही. हिशेबनीस, त्यामुळे तिथे १५ लाख घालण्याआधी विचार व्हावा.

हिशेबनीस
मुद्दा मान्य. तिमाही व्याज संयुक्त बचत खात्यात थेट जमा होईल अशी सोय केली तर व्याज अडकत नाही, मुद्दल मात्र अडकेल. विसरण्याचं निदान पक्कं असेल तर मी ८ लाखांपर्यंतच तिथे ठेवीन आणि बाकी बँकेत संयुक्त, अर्धा-एक टक्का कमी मिळाला तरी.

साळुंकी
बँकेबद्दल अजून एक. आजी शुद्धीत आहेत पण सही जमत नाही, अशा वेळी रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे अंगठा, तोही जमत नसेल तर पायाचा अंगठा चालतो. दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी हवा. शाखेत "आमच्याकडे चालत नाही" म्हणाले तर ते लेखी मागा.

घाटावरचा
मुलं पैसे देतच नसतील तर?

साळुंकी
२००७ चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायदा. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे, साध्या कागदावर. आजींना जमत नसेल तर त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था करू शकते. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित, अपवाद म्हणून ३० दिवस वाढ. निर्वाहाची कमाल मर्यादा महिना १० हजार. मूलबाळ नसेल तर ज्याला मालमत्ता मिळणार आहे त्या नातेवाइकावरही दावा करता येतो.

घर आधीच बक्षीसपत्राने मुलाच्या नावावर केलं असेल तर कलम २३ बघा. सांभाळण्याच्या अटीवर दिलेलं असेल आणि सांभाळ होत नसेल तर ते रद्द करता येतं. पुढे वाद नको असेल तर सांभाळण्याची अट दस्तातच स्पष्ट लिहा.

पिंपळपान
१० हजार म्हणजे वरच्या हिशेबातला पावहिस्साही नाही. शुल्क ३२ हजार असताना या मर्यादेचा उपयोग काय? मला तर न्यायाधिकरणाच्या भानगडीत पडण्यापेक्षा भावंडांचा लेखी करार बरा वाटतो.

साळुंकी
करार बराच, पण तो पाळला जाणार असेल तर. कुणाच्या खात्यातून कुठल्या तारखेला किती, दरवाढ कशी वाटायची, अनामत परत आली तर कुणाला, एवढं त्यात हवं. आणि निराधार वृद्धासाठी १० हजारसुद्धा थोडे नाहीत.

नागझिरा
निराधारांचा विषय निघालाच आहे तर लिहितो, कारण हा धागा फक्त ठेवीवाल्यांचा होऊ नये. राज्याची मातोश्री वृद्धाश्रम योजना १९९५ पासून आहे. शासनाच्या अनुदानावर चालणाऱ्या वृद्धाश्रमांत पुरुषांना ६० आणि स्त्रियांना ५५ वर्षांनंतर प्रवेश मिळतो. केंद्राच्या अटल वयो अभ्युदय योजनेतून स्वयंसेवी संस्थांना निवासासाठी अनुदान मिळतं, तिथे निराधारांना राहणं-जेवण मोफत असतं. चौकशी जिल्हा समाजकल्याण कार्यालयात. १४५६७ ही ज्येष्ठांची मोफत हेल्पलाइन सकाळी ८ ते रात्री ८ चालते, जवळच्या संस्थांची माहिती तिथून मिळते.

वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत असेल तर ६५ वर्षांनंतर श्रावणबाळ योजनेचे महिना १,५००. मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून एकदाच ३,००० रुपये, चष्मा, कानाचं यंत्र, कमोड खुर्ची अशा साहित्यासाठी.

इथेही गरज मोजण्याचा मुद्दा आहेच. यातल्या बऱ्याच ठिकाणी स्वतःचं स्वतः करणाऱ्यालाच घेतात. अंथरुणावरच्या निराधाराला जागा शोधणं हे सर्वात अवघड काम आहे, आणि माझ्या मते शासनाने सर्वात आधी पैसा तिथे लावायला हवा.

टेम्सकाठी
इंग्लंडमध्ये हे कसं चालतं ते तुलनेसाठी लिहितो, इथेही बऱ्याच मराठी घरांत आता हा प्रश्न आलाय.

२०१४ च्या केअर अ‍ॅक्टप्रमाणे गरजेचं मूल्यमापन कौन्सिलला (स्थानिक प्रशासनाला) करावंच लागतं, माणसाकडे पैसे कितीही असोत, आणि ते मोफत असतं. त्यानंतर आर्थिक मूल्यमापन. भांडवल २३,२५० पौंडांहून जास्त असेल तर सगळा खर्च स्वतःचा. १४,२५० च्या खाली भांडवल धरतच नाहीत, मधल्या रकमेत दर २५० पौंडांमागे आठवड्याला १ पौंड उत्पन्न धरतात. कायमचं केअर होममध्ये गेल्यावर घराची किंमत पहिले १२ आठवडे धरत नाहीत, आणि जोडीदार किंवा ६० वर्षांवरचा नातेवाईक तिथे राहत असेल तर अजिबात धरत नाहीत. घर मुलांच्या नावावर करून टाकलं तर ते मुद्दाम केलेलं समजून हिशेबात परत धरू शकतात.

मुख्य गरज आरोग्याची असेल तर एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, सगळा खर्च उचलते. आधी छोटी तपासयादी, मग १२ विषयांवर सविस्तर मूल्यमापन. तिथे कुटुंबं हरतात ती नोंदींअभावी. मिरजेच्या ताईंची तीन रकान्यांची वही इथेही तितकीच उपयोगी पडेल.

मांडवीतीर
गोव्यातल्या वाचकांसाठी: इथे सरकारी वृद्धाश्रम प्रोव्हेदोरिया या सरकारी साहाय्य संस्थेतर्फे चालतात, चौकशी तिथे करा. आणि घर विकून पैसा उभा करायचा विचार असेल तर लक्षात घ्या, आपल्या नागरी कायद्यात सहसा पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते आणि विक्रीला दोघांची सही लागते. दोघांपैकी एकाची क्षमता गेली की व्यवहार अडतो. साळुंकी यांनी क्रम बदला म्हटलंय ते इथे दुप्पट खरं.

मिरजेची_परिचारिका
थोडं विषयांतर, पण पहिल्या महिन्यात यावरूनच रडारड होते. कवळी, चष्मा, कानाचं यंत्र यांवर नाव घालून द्या. कवळीवर दंतवैद्य नाव कोरून देतो. तंबाखू, मिसरी, तपकीर असेल तर लपवू नका, अचानक बंद झाली की चिडचिड होते आणि ती वागणुकीची समस्या म्हणून नोंदली जाते. मिसरी लावल्याशिवाय पोट साफ न होणाऱ्या आज्या खूप आहेत. जेवणात पोळी चावता येते की भातच लागतो तेही लिहा. खाताना ठसका लागत असेल तर ते ठळक अक्षरात.

घाटावरचा
मिसरीचा मुद्दा कुठल्याच फॉर्मवर नसतो!

पिंपळपान
संस्थेच्या करारात काय बघायचं ते कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. अनामत परत मिळणारी की नाही, मृत्यू झाल्यास किती दिवसांत आणि कुणाला. रुग्णालयात दाखल असताना शुल्क पूर्ण की अर्धं, पलंग किती दिवस राखून ठेवणार. रात्री किती माणसांमागे किती कर्मचारी, आणि ते जागे असतात की झोपलेले. रुग्णालयात सोबत कोण जाणार, त्याचे पैसे वेगळे का. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, आणि आजारी माणसांवर उपचार करत असतील तर नर्सिंग होमची नोंदणी. आणि मुख्य म्हणजे पायरी कोण बदलणार? "व्यवस्थापनाचा निर्णय अंतिम" असं असेल तर तिथे "दोघांनी मिळून केलेल्या लेखी मूल्यमापनानंतर" असं घालून घ्या.

उंबरठा
सगळ्यांचे मनापासून आभार. एक शेवटचा प्रश्न. पायरी बदलताना पुनर्मूल्यमापन किती दिवसांनी मागायचं? आणि दरवर्षीच्या हयातीच्या दाखल्याचं काय, आजी तिथे असताना?

मिरजेची_परिचारिका
पहिलं ३० दिवसांनी. पहिल्या दोन आठवड्यांत नवीन जागेमुळे झोप उडते, काही जण पूर्वी जमणारंही करेनासे होतात, तेव्हा पायरी ठरवू देऊ नका. नंतर दर तीन महिन्यांनी, आणि पडणं, रुग्णालय किंवा वजन दोन-तीन किलोने घटणं यातलं काही झालं की लगेच. दर वेळी तोच बार्थेलचा कागद, तीच दहा कलमं. प्रवेशाच्या दिवसाची प्रत संस्थेच्या सही-शिक्क्यासह मुलीकडे हवी, म्हणजे काय बदललं ते दाखवता येतं. गुण वाढले असतील तर पायरी खाली आणायलाही सांगा. खुब्याच्या ऑपरेशननंतर व्यायाम नीट झाला तर ते घडतं.

हिशेबनीस
हयातीचा दाखला ८० वर्षांवरच्यांना १ ऑक्टोबरपासून देता येतो, नोव्हेंबरची वाट बघू नका. जीवन प्रमाण या सरकारी ऑनलाइन सोयीवर आता चेहऱ्यावरून ओळख पटते, मोबाइलवर होतं, अंगठ्याची कटकट नाही. नाहीतर पोस्टमनला संस्थेत बोलवता येतं. पीपीओ क्रमांक, खाते क्रमांक आणि आधारला जोडलेला मोबाइल मुलीकडे असू द्या. आजींच्या बंद पडलेल्या जुन्या नंबरवर ओटीपी जात असेल तर प्रवेशाआधी आधारचा नंबर बदलून घ्या. त्याला आजींची स्वतःची ओळख पटवावी लागते, म्हणून त्यांना जमतंय तोवरच हे काम करा.